बारा चौरस फूट

जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला लोक तेच ते प्रश्न विचारतात. दारू स्वस्त मिळते का, चाचे भेटले का, आणि टायटॅनिक एवढी मोठी असून बुडाली कशी. पहिल्या दोघांची उत्तरं मी उभ्या उभ्या देतो. तिसऱ्यासाठी मात्र समोरच्याला बसवून घेतो. बायको म्हणते, ‘झालं, आता तासाभराची निश्चिंती.’ म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकावं, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

मी मरीन इंजिनीअर. मूळचा गुहागरकडचा, आता ठाण्यात. पाचव्या इंजिनीअरपासून चीफपर्यंत उमेदीची सगळी वर्षं इंजिन रूममध्ये गेली, त्यामुळे टायटॅनिककडे मी खालून बघतो. वरच्या डेकवरचे झुंबर-जिने, बँड, हिरे, प्रेमकहाण्या यांत मला फारसा रस नाही. मला रस आहे सहा नंबरच्या बॉयलर रूममध्ये.

आधी तो तीनशे फुटांच्या भगदाडाचा समज बाजूला काढू. अपघातानंतर अनेक दशकं लोक धरून चालले होते की बर्फाने जहाजाची उजवी कूस टराटरा फाडली. तसं झालं असतं तर जहाज काही मिनिटांत गेलं असतं. टायटॅनिकला १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला धडक बसली आणि ती बुडाली २:२० ला. दोन तास चाळीस मिनिटं. एवढा वेळ लागला, यातच भोक किती मोठं होतं त्याचं उत्तर आहे.

आणि ते उत्तर त्याच वर्षी एका माणसाने काढलंही होतं. एडवर्ड वाइल्डिंग. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फमध्ये, म्हणजे जिथे टायटॅनिक बांधली तिथेच, तो नेव्हल आर्किटेक्ट होता. लंडनला लॉर्ड मर्सींच्या, म्हणजे या अपघाताच्या ब्रिटिश सरकारी, चौकशीत त्याने साक्ष दिली. वाचलेल्या लोकांनी कुठे, किती वाजता, किती पाणी पाहिलं यावरून त्याने उलटं गणित मांडलं आणि सांगितलं की जहाजाला पडलेल्या सगळ्या छिद्रांचं मिळून क्षेत्रफळ साधारण बारा चौरस फूट असावं. चार फूट बाय तीन फूट. दोनशे फूट लांबीवर ते सलग पसरलं असं मानलं तर चिरेची रुंदी भरते पाऊण इंच.

पाऊण इंच! माझा अंगठा त्यात जाणार नाही.

चौकशीनंतर हा आकडा बहुतेक लोक विसरले, कारण एवढ्या मोठ्या जहाजाला एवढंसं भोक कुणाच्याच मनाला पटेना. १९८५ च्या १ सप्टेंबरला रॉबर्ट बॅलार्ड आणि झाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला सांगाडा सापडला, पण नाकाडाचा तो भाग गाळात खोल रुतलेला, डोळ्यांनी काही दिसेना. १९९६ मध्ये ध्वनिलहरींनी गाळाच्या आतलं चित्र काढलं तेव्हा सहा अरुंद फटी निघाल्या, प्लेटांच्या सांध्यांना धरून गेलेल्या. बेरीज केली तर पुन्हा बाराच्या आसपास चौरस फूट. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या वाइल्डिंगला ८४ वर्षांनी पावती मिळाली. इंजिनीअर म्हणून मला या एका गोष्टीचा जेवढा आनंद होतो तेवढा अख्ख्या टायटॅनिक-पुराणात कशाचाच होत नाही.

आता बारा चौरस फुटांतून किती पाणी येतं ते बघू. हे बारावीच्या फिजिक्समध्ये बसतं. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेली खोली, सुमारे साडेचौतीस फूट. इजा तळापासून साधारण दहा फुटांवर. म्हणजे छिद्रांच्या डोक्यावर चोवीसेक फूट, म्हणजे सात मीटरच्या वर पाणी. दोन गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले सात पूर्णांक तीन, त्याचं वर्गमूळ: पाणी आत शिरतं सेकंदाला जवळजवळ बारा मीटर वेगाने. क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर. अरुंद, वेड्यावाकड्या फटीतून पाणी पूर्ण जोराने येत नाही म्हणून ०.६ ने गुणा. उत्तर येतं सेकंदाला सात ते आठ टन. तासाला पंचवीस हजार टनांच्या वर. आत पाणी चढलं की हा जोर ओसरत जातो, पण सुरुवातीचा हिशोब हा.

आणि पंप? पाच मोठे, प्रत्येकी तासाला २५० टनांचे. तीन छोटे, प्रत्येकी १५० टनांचे. सगळे एकाच वेळी, एकाच ठिकाणचं पाणी ओढायला लावले (जे पाइपलाइनमुळे शक्यच नसतं) तरी १,७०० टन. येणारं पाणी पंधरा पटींनी जास्त. बिल्ज पंप, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी काढणारा पंप, ही गोष्ट गळणाऱ्या ग्लँडसाठी (शाफ्टच्या सीलसाठी), घामासाठी, फुटलेल्या एखाद्या पाइपसाठी असते. समुद्र उपसायला नव्हे. कुठल्याच जहाजावर नसते, आजही.

त्या रात्रीचं खालचं वर्णन ज्याच्यामुळे आपल्याला मिळालं तो फ्रेडरिक बॅरेट हा स्टोकरांचा, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांचा, पुढारी, लीडिंग फायरमन. तो सहा नंबरच्या बॉयलर रूममध्ये ड्यूटीवर होता, सर्वांत पुढच्या. टायटॅनिकवर २९ बॉयलर, सहा बॉयलर रूममध्ये विभागलेले, आणि सहा नंबर नाकाकडची. बॅरेट सेकंड इंजिनीअर हेस्केथशी बोलत उभा होता. तेवढ्यात स्टोकहोल्डमधला, म्हणजे कोळसा टाकायच्या जागेतला, लाल दिवा लागला: थांबा. बॅरेटने ओरडून डँपर (भट्टीची हवा रोखणाऱ्या झडपा) बंद करायला सांगितले, आणि ते पुरते बंद व्हायच्या आत धडक. जमिनीच्या, म्हणजे फ्लोअर प्लेटच्या, दोनेक फूट वर जहाजाच्या कुशीतून पाणी आत फवारायला लागलं. वॉटरटाइट दार वरून खाली येत होतं. हे दोघे त्याखालून निसटून पाच नंबरमध्ये गेले.

पाच नंबरमध्येही इजा पोचली होती, पण भिंतीच्या पलीकडे फक्त दोन फूट, कोळशाच्या रिकाम्या बंकरमध्ये. तिथून येणारं पाणी डेक धुवायच्या होजपाइपाएवढं. हे पंप सहज खेचू शकत होते, आणि तासभर खेचतही होते. बॅरेटने नंतर वरून सहा नंबरमध्ये डोकावून पाहिलं तर आठ फूट पाणी. दहा मिनिटांत!

पाच नंबरमध्ये इंजिनीअर हार्वी आणि शेपर्ड पंपांवर लढत होते. व्हॉल्व्हपर्यंत हात जावा म्हणून जमिनीतल्या मॅनहोलचं झाकण काढलेलं. बॉयलरखालचे निखारे ओढून त्यांवर पाणी मारत होते, त्यामुळे सगळीकडे वाफ. शेपर्ड घाईने आडवा गेला, पाय मॅनहोलमध्ये गेला आणि मोडला. त्याला उचलून पंप रूममध्ये नेऊन ठेवला.

हा प्रसंग मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा माझ्या पोटात गोळा येतो. मॅनहोल उघडलं की आधी त्याच्या चारी बाजूंनी दोरी बांधायची, हे मला पहिल्याच जहाजावर सेकंडने शिव्या घालून शिकवलं होतं. प्लेट काढून बाजूला ठेवताना स्टडवर नट परत फिरवून ठेवायचे, हरवू नयेत म्हणून; मग दोरी; मग दिवा; मग गॅस तपासायचा; आणि मगच आत डोकं घालायचं. ड्राय डॉकमध्ये, सगळं शांत असताना हे करायला वेळ असतो. त्या रात्री हार्वीकडे कुठली दोरी आणि कुठला वेळ? थोड्या वेळाने दोन बॉयलरांच्या मधून पाण्याचा लोंढा आला. हार्वीने बॅरेटला वर जायला फर्मावलं आणि स्वतः शेपर्डकडे वळला. बॅरेट तेरा नंबरच्या लाइफबोटीतून वाचला, म्हणून आपल्याला हे माहीत आहे.

तर पाणी पाच पूर्ण कप्प्यांत शिरलं: अगदी टोकाचा फोरपीक, त्याच्या मागचे तीन होल्ड (माल ठेवायचे कप्पे) आणि सहा नंबरची बॉयलर रूम. पाच नंबरचा बंकर वेगळा. मर्सींच्या अहवालात आहे की पहिल्या दहा मिनिटांत पहिल्या पाचही कप्प्यांत पाणी तळापासून चौदा फुटांपर्यंत चढलं होतं.

टायटॅनिकमध्ये आडव्या, म्हणजे एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत जाणाऱ्या, पंधरा भिंती होत्या, म्हणजे सोळा कप्पे. या भिंतींना आम्ही बल्कहेड म्हणतो. कुठलेही दोन शेजारचे कप्पे भरले तरी जहाज तरंगणार, आणि नाकाकडचे पहिले चार भरले तरीही तरंगणार, असं डिझाइन. त्या काळच्या मानाने हे चांगलंच होतं. खालच्या पातळीवरची बारा वॉटरटाइट दारं ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या वरच्या खोलीतल्या) एका स्विचने पडायची. फर्स्ट ऑफिसर मर्डोकने ती लगेच पाडली आणि ती व्यवस्थित पडली. दारांनी दगा दिला नाही. भिंतींनीही दिला नाही.

मग? भिंती वरपर्यंत गेलेल्याच नव्हत्या.

जहाजाचे मजले, म्हणजे डेक, वरून खाली ए, बी, सी असे मोजतात. मधल्या भागातल्या भिंती ई डेकपर्यंत जाऊन थांबत होत्या. पाण्याच्या रेषेपासून वर जेमतेम दहा-अकरा फूट. पुढच्या-मागच्या काही एक मजला जास्त. त्यांच्या माथ्यावरचं डेक वॉटरटाइट नव्हतं. त्यात जिने, हॅच, कॉरिडॉर. ई डेकवर डाव्या बाजूला जवळजवळ अख्ख्या जहाजभर जाणारा एक रुंद बोळ होता, खलाशी त्याला स्कॉटलंड रोड म्हणायचे. पाण्यालाही तो आयताच मिळाला.

आमच्याकडे कोकणात उतारावर भाताची खाचरं असतात. वरचं खाचर भरलं की पाणी बांधावरून पुढच्यात उतरतं, ते भरलं की त्याच्या पुढच्यात. बांध फुटायची गरजच नसते. सगळे बांध शाबूत असतात आणि पाणी तरी खालपर्यंत पोचतं. टायटॅनिकवर हेच झालं, फक्त इथे बांधच खाली गेला. पाच कप्प्यांतल्या पाण्याच्या वजनाने नाक दबलं, नाक दबल्यामुळे सहा आणि पाच नंबरच्या मधल्या भिंतीचा माथा समुद्राच्या पातळीखाली आला, आणि पाणी त्यावरून पलीकडे गेलं. मग पाच नंबर भरली, नाक आणखी दबलं, पुढच्या भिंतीचा माथा बुडाला. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबायला कारणच उरत नाही.

थॉमस अँड्र्यूजला हे पाहताक्षणी कळलं. जहाजाच्या डिझाइनचा प्रमुख तोच, आणि पहिल्या सफरीत काय काय सुधारायचं ते वहीत टिपायला स्वतः जहाजावर आलेला. तो खाली फिरून आला. मेल रूममध्ये पाणी, टपालवाले पोती वर ओढतायत, स्क्वॉश कोर्टात पाणी. त्याने कॅप्टन स्मिथला तास-दीड तासाची मुदत सांगितली. चार भरले असते तर निभावलं असतं; पाचवा भरला म्हणजे संपलं, हे बेरजेचं गणित होतं आणि ते त्याचं स्वतःचं होतं. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं असेल याच्या कथा रंगवणाऱ्यांनी भरपूर रंगवल्यात. मी त्यात पडत नाही.

भिंती वर का नेल्या नाहीत, हा खरा प्रश्न. नियम मोडला होता का? नाही. लाइफबोटींचंही तेच: दहा हजार टनांपेक्षा मोठ्या जहाजाला सोळा बोटी, असा ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचा नियम होता, टायटॅनिक होती ४६,३२८ टनांची, आणि तिच्यावर उलट वीस बोटी होत्या. ११७८ माणसांपुरत्या. जहाजावर होती बावीसशेच्या वर. नियम पाळूनही माणूस बुडतो, हे समुद्रावर काम केलेल्या कुणालाही नवीन नाही.

भिंत वर नेली की जेवणाच्या हॉलमध्ये मध्येच लोखंडी भिंत येते. कॉरिडॉरमध्ये जाड दारं येतात. वेटरला ताटं घेऊन वळसा पडतो. प्रवासी जहाज म्हणजे खाली जहाज आणि वर हॉटेल, आणि हॉटेलवाल्याला मोकळी जागा लागते. हा झगडा मी क्रूझवर काम केलेल्या मित्रांकडून आजही ऐकतो. पण १९१२ मध्ये कुणाला वेगळं सुचलंच नव्हतं असं कृपा करून म्हणू नका. ब्रुनेल या ब्रिटिश इंजिनीअरचं ग्रेट ईस्टर्न हे जहाज १८५८ साली पाण्यात उतरलं. दुहेरी कवच, आडव्या भिंती पाण्याच्या रेषेच्या खूप वरपर्यंत, शिवाय उभ्या, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, भिंतीही. १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ माँटॉकपाशी नकाशात नसलेल्या खडकावर ते घासलं आणि बाहेरच्या कवचाला ८३ फूट लांब, ९ फूट रुंद भगदाड पडलं. टायटॅनिकपेक्षा कितीतरी मोठं. आतलं कवच टिकलं आणि जहाज आपल्या पायांनी बंदरात गेलं. पण ग्रेट ईस्टर्नने मालकांचं दिवाळं काढलं. पुढच्या पन्नास वर्षांत जहाजवाल्यांनी त्यातून जो धडा घेतला तो सुरक्षिततेचा नव्हता.

टायटॅनिकला दुहेरी तळ होता, पाच फुटांच्यावर उंच. पण तो तळापुरताच. कुशीला एकच प्लेट, इंचभर जाडीची. खडकावरून जाल तर दुहेरी तळ वाचवतो. हिमनग कुशीला लागला.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने लिहायला हवी, कारण ती कुणी लिहीत नाही. टायटॅनिक सरळ बुडाली. सुरुवातीला थोडी उजवीकडे कलली, नंतर डावीकडे, पण आडवी झाली नाही. तिच्यात उभ्या भिंती नव्हत्या, त्यामुळे आत आलेलं पाणी दोन्ही बाजूंना सारखं पसरलं. लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजाच्या दोन्ही कुशींना कोळशाचे लांबलचक बंकर होते. ७ मे १९१५ ला आयर्लंडजवळ टॉर्पेडो लागल्यावर ती एका अंगावर अशी कलली की एका बाजूच्या बोटी नीट उतरवताच येईनात. अठरा मिनिटांत खेळ खलास. आणि कलंडणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७, रामदास बोट, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. लाटेने कलली, माणसं एका बाजूला गेली, उलटली. सहाशेहून अधिक गेले. अशा वेळी लाइफबोटीचा विचार करायलाही कुणाला उसंत मिळत नाही. टायटॅनिकने दोन तास चाळीस मिनिटं दिली. सातशेच्या वर माणसं वाचली ती त्यामुळे. दीड हजाराच्या आसपास गेली ती बोटी कमी होत्या, आणि होत्या त्याही अर्ध्यामुर्ध्या भरून सोडल्या, त्यामुळे.

दुसरं म्हणजे दिवे. चारशे किलोवॉटचे चार डायनॅमो होते, जहाजाच्या मागच्या भागात. वाफ मागच्या बॉयलर रूममधून येत होती. पुढच्या बॉयलर रूम एकेक करून बुडत असताना मागच्यांत कोळसा टाकत राहायचा, डायनॅमोवर नजर ठेवायची, पाणी पायाशी येईपर्यंत ब्रेकर पडू द्यायचा नाही. बुडायच्या आधी अगदी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दिवे चालू होते. चीफ इंजिनीअर जोसेफ बेल आणि त्याच्या हाताखालचे सगळे इंजिनीअर गेले. एकही वाचला नाही. बँडवाल्यांबद्दल मला आदर आहे. पण लोकांना बोटीत चढताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत होतं ते यांच्यामुळे.

ब्लॅकआउट झालेलं जहाज तुम्ही अनुभवलंय का? इंजिन रूममध्ये चोवीस तास कानात असणारा आवाज अचानक जातो आणि पहिली भीती त्या शांततेची वाटते. मग इमर्जन्सी जनरेटर खोकतो, चालू होतो, आणि सगळ्यांचा श्वास सुटतो. त्या काळोखात शिडी शोधणं मला माझ्या रोजच्या इंजिन रूममध्ये जड गेलंय. बावीसशे परक्या माणसांची कल्पना करा.

आता ज्या कारणांवर यूट्यूबवाले जगतात ती झटपट उरकतो.

लोखंड ठिसूळ होतं. खरं आहे. त्या पोलादात गंधक जास्त, आणि थंडीत ते आजच्या पोलादापेक्षा लवकर तडकतं. समुद्र त्या रात्री उणे दोन अंशांवर होता. पण त्या काळी सगळ्यांचंच पोलाद असं होतं. जुळी बहीण ऑलिंपिक त्याच पोलादावर १९३५ पर्यंत चालली. रिव्हेटांचा, म्हणजे प्लेटा जोडणाऱ्या खिळ्यांचा, मुद्दा मला जास्त पटतो. मधल्या भागात पोलादी रिव्हेट यंत्राने ठोकले होते. नाकाकडे आणि शेपटीकडे यंत्र पोचत नव्हतं म्हणून घडीव लोखंडाचे, हाताने ठोकलेले. सांगाड्यातून वर आणलेल्या रिव्हेटांत अमेरिकन धातुतज्ज्ञांना स्लॅगचं (धातूतल्या मळीचं) प्रमाण हवं त्याच्या कितीतरी पट सापडलं. डोकी उडाली, सांधे उघडले, पाऊण इंच फट पडली. पटतं. चांगले रिव्हेट असते तर कदाचित चारच कप्पे भरले असते. कदाचित.

बंकरमधली आग. लागली होती, बेलफास्ट सोडल्यापासून धुमसत होती, आणि विझवायला म्हणून बंकर रिकामा केला होता. भिंत वाकली असं बॅरेटनेच सांगितलंय. पण ती भिंत पाच आणि सहा नंबरच्या मधली. पुढचे पाच कप्पे तिच्याशिवायच भरले होते. आगीने बुडवलं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं की आग फोरपीकमध्ये कशी गेली.

दोन तुकडे झाले. झाले, पण शेवटी, शेपटी हवेत उचलली गेल्यावर. मर्सींच्या अहवालाने जहाज अखंड बुडालं असं लिहिलं. मोडताना पाहिलं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवला नाही. ते खरं बोलत होते हे १९८५ ला कळलं. दोन्ही तुकडे ३,८०० मीटर खोल, एकमेकांपासून सहाशेक मीटरवर. पण तोवर बुडणं ठरून गेलं होतं.

हिमनगांच्या त्या पाण्यातून मीही गेलोय, बल्क कॅरिअरवर, एप्रिलमध्ये, न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेने. लॅब्राडॉरचा थंड प्रवाह तिथे ग्रीनलंडचा बर्फ खाली घेऊन येतो. वर ब्रिजवाले रडारला डोळे लावून बसतात, आम्हाला खाली काही दिसत नाही. आम्हाला दिसतो तो फक्त समुद्राच्या पाण्याचा तापमापक. वॉचला आलो तेव्हा आठ अंश होता, दुपारी तीन अंश, संध्याकाळी शून्याच्या खाली. कूलिंगचा प्रेशर गेज हलायला लागला की समजायचं, बर्फाचा चुरा सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घ्यायच्या खोक्याच्या) जाळीत अडकतोय. मग गरम पाणी उलटं फिरवायचं आणि गेजवरून नजर हलवायची नाही. माझ्यासोबतचा केरळी मोटरमन शांतपणे म्हणाला, ‘साब, आज लाइफ जॅकेट लेके सोएगा.’ हसलो आम्ही. पण रात्री मीही ते बंकखालून काढून पायाशी ठेवलं.

आता पुढचं ऐका, कारण गोष्ट १९१२ ला संपत नाही. ऑलिंपिक दुरुस्तीला परत यार्डात नेली. आत दुसरं कवच घातलं, काही भिंती बी डेकपर्यंत उंच केल्या. तिसरी बहीण ब्रिटानिक तेव्हा बांधणीतच होती, तिलाही तेच. आता सहा कप्पे भरले तरी चालतील असा हिशोब. २१ नोव्हेंबर १९१६ ला ग्रीसच्या किआ बेटाजवळ सुरुंग लागून ब्रिटानिक ५५ मिनिटांत बुडाली. टायटॅनिकपेक्षा लवकर! कारण? एक वॉटरटाइट दार बंद झालं नाही, हे एक. दुसरं म्हणजे ती हॉस्पिटल शिप होती आणि वॉर्डांना सकाळची हवा मिळावी म्हणून पोर्टहोल उघडे ठेवले होते. जहाज थोडं कललं आणि उघड्या पोर्टहोलांची रांग पाण्याला टेकली. भिंती बी डेकपर्यंत नेऊन ठेवल्या आणि पाणी आलं खिडकीतून. त्यातल्या त्यात नशीब, पाणी उबदार, किनारा जवळ आणि बोटी पुरेशा. तीसच माणसं गेली.

डेन्मार्कचं हान्स हेडटॉफ्ट, जानेवारी १९५९, पहिल्याच सफरीच्या परतीच्या वाटेवर ग्रीनलंडच्या टोकापाशी हिमनगावर आदळलं. दुहेरी तळ, सात कप्पे, रडार, सगळं होतं. ९५ माणसं, एकही वाचलं नाही. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकात एक्सप्लोरर नावाचं पर्यटकांचं जहाज बर्फात घुसून बुडालं. १५४ जण बोटींत बसून वाट पाहत राहिले आणि सगळे वाचले. आणि टायटॅनिकला शंभर वर्षं व्हायला तीन महिने असताना, १३ जानेवारी २०१२ ला, इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर घासली. ५३ मीटर चीर. दोन कप्पे भरले तर तरंगेल असं डिझाइन, भरले पाच. इमर्जन्सी जनरेटर नीट चालला नाही. उथळ पाण्यात कलंडली म्हणून बत्तीसवर भागलं.

राहिला तो नेहमीचा शेवटचा प्रश्न: वळवायच्याऐवजी नाकाने सरळ धडक दिली असती तर? वाइल्डिंगला हे चौकशीत विचारलं होतं. तो म्हणाला, जहाज बंदरात पोचलं असतं. नाक ऐंशी ते शंभर फूट चेपलं असतं, तिथे झोपलेले फायरमन मेले असते, पण पहिले दोन-तीन कप्पेच भरले असते. याला उदाहरणही आहे: १८७९ मध्ये अ‍ॅरिझोना नावाचं जहाज पूर्ण वेगात हिमनगावर नाकाने आदळलं आणि चेपलेल्या तोंडाने सेंट जॉन्सला पोचलं.

गणित बरोबर आहे. पण मर्डोककडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ होता, वेग साडेबावीस नॉट, आणि समोर अडथळा दिसला की सुकाणू फिरवायचं हे त्याच्या हाडात भिनलेलं. कोऱ्या करकरीत जहाजाच्या नाकात झोपलेली माणसं मारून ‘सरळ जाऊ दे’ म्हणणारा ऑफिसर मी तरी कुठल्याच ब्रिजवर पाहिला नाही. आणि समजा त्याने तसं केलं असतं, जहाज चेपलेल्या नाकाने न्यूयॉर्कला लागलं असतं, तर चौकशीत पहिला प्रश्न त्याला हाच आला असता: मिस्टर मर्डोक, तुम्ही वळवलं का नाही?